वाचकाची वाट पाहणारी कविता

कविता वाचावयाची म्हणजे पुस्तक उघडावयाचें, ओळींवरून डोळे फिरवावयाचे आणि त्यांचा नाद व अर्थ मनांत सांठवावयाचा, अशी सुशिक्षित घरांतील समजूत असते. कवीनें जें लिहिलें तें कायमचें. वाचकानें तें आवडल्यास पाठ करावें, न आवडल्यास पान उलटावें. मूळ ओळींत काना-मात्रेचाहि फरक करण्याचा अधिकार त्याला नाहीं. परंतु गेल्या कांहीं दशकांत जगांत कवितेचा असा एक प्रकार वाढीस लागला आहे कीं, वाचकानें हात लावल्यावांचून ती कविता पुढें सरकतच नाहीं. संगणकाच्या पडद्यावर शब्द असतात. वाचक कळ दाबतो, बोट फिरवितो, क्वचित् स्वतः चालतो किंवा हात पसरतो, आणि त्याच्या त्या कृतीप्रमाणें शब्द येतात, जातात, जुळतात, विरतात. या प्रकाराला संवादी डिजिटल काव्य असें म्हणतात.

असें कांहीं प्रथमच पाहणाऱ्या रसिकाच्या मनांत दोन प्रश्न उभे राहतात. पहिला असा कीं, हें काव्य आहे कीं निव्वळ खेळणें? आणि दुसरा असा कीं, प्रत्येकाच्या हातांत कविता जर निराळी होत असेल, तर तिचा अर्थ लावावयाचा तरी कसा? हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांचें उत्तर शोधण्यासाठीं लगेच परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. तें शोधण्याची एक वाट भंडारा जिल्ह्यांतून जाते.

वैनगंगेच्या खोऱ्यांतील हा जिल्हा तळ्यांचा आणि धानाचा. दिवाळीची भाऊबीज झाली कीं येथें गांवोगांवीं मंडई भरूं लागते. दिवसा बाजार, पाहुणे, मिठाई. आणि रात्रीं दंडार, नाटक किंवा खडी गंमत. खडी गंमत म्हणजे उभ्यानें करावयाची गंमत. शाहीर, त्याचे साथीदार, स्त्रीवेषांतील नाच्या, ढोलकी, डफ आणि तुणतुणें, एवढ्या साहित्यावर गण, गौळण, लावणी व विनोद यांची रात्र उभी राहते. त्या रात्रीचा खरा प्राण मात्र दोन शाहिरांच्या सामन्यांत असतो. एक शाहीर पुराणांतला किंवा व्यवहारांतला एखादा गूढ प्रश्न पद्यांत टाकतो. समोरच्यानें त्याच छंदांत, त्याच चढ्या सुरांत उत्तर द्यावयाचें आणि उलट प्रश्न घालावयाचा. कलगी-तुऱ्याची ही परंपरा शक्ति श्रेष्ठ कीं शिव श्रेष्ठ या वादावर उभी आहे, आणि त्या वादाचा निकाल कधींच लागत नाहीं, म्हणूनच ती टिकली आहे.

आतां या सामन्यांतील कविता कोठें असते, याचा विचार करावा. ती कोणत्याहि वहींत संपूर्ण लिहिलेली नसते. शाहिराजवळ पाठांतराचा सांठा असतो, छंद असतो, पुराणांतील कथांची माहिती असते. परंतु आज रात्रीं कोणती ओळ कोणत्या ओळीच्या पुढें यावयाची, हें समोरच्याच्या प्रश्नावर ठरतें. श्रोतेहि स्वस्थ नसतात. एखाद्या चरणाला वाहवा मिळाली तर तो पुन्हां घोळला जातो. लोक उदास दिसले तर शाहीर चाल बदलतो. कोणी बक्षीस दिलें तर त्याचें नांव गाण्याच्या ओघांत गोंवलें जातें. म्हणजे कवितेचा नियम आधीं ठरलेला असतो, आणि कविता मात्र त्या रात्रीं, त्या माणसांच्या समक्ष घडते. संवादी काव्याचें मर्म याहून निराळें नाहीं. यंत्र नवें आहे. तत्त्व मंडईच्या पटांगणांतील आहे.

हें तत्त्व घराच्या आंतहि नांदतें. लग्नकार्यांत नांव घेण्याचा प्रसंग येतो तेव्हां नववधू जो उखाणा म्हणते, त्याची रचना पाहण्यासारखी असते. यमकाची चौकट तयार असते आणि तिच्यांत एक जागा रिकामी ठेवलेली असते. त्या जागीं ज्याचें त्याचें नांव बसवावयाचें. तोच उखाणा हजारों मुखांतून निघतो आणि प्रत्येकीचा तो स्वतःचा असतो. इ. स. १९५२ मध्यें इंग्लंडांतील मँचेस्टरच्या विद्यापीठांत ख्रिस्तोफर स्ट्रेची यानें तत्कालीन प्रचंड संगणकाकडून प्रेमपत्रें लिहवून घेतलीं, तीं याच रीतीनें. वाक्यांच्या चौकटी ठरलेल्या, रिकाम्या जागीं यंत्रानें विशेषणें व नामें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें निवडावयाचीं. पुढें १९५९ त जर्मनींत थिओ लुट्झ यानें काफ्काच्या ‘किल्ला’ या कादंबरींतील शब्द घेऊन यंत्राकडून वाक्यें जुळविलीं. या दोन्ही ठिकाणीं वाचकाला करण्यासारखें कांहीं नव्हतें. निवड यंत्राचीच होती. परंतु कविता म्हणजे पक्क्या ओळी हा समज तेथें प्रथम सैल झाला.

वाचकाच्या हातांत खरी निवड दिली ती एका फ्रेंच कवीनें, आणि तीहि कागदावर. रेमों केनो यानें १९६१ मध्यें दहा सुनीतें प्रसिद्ध केलीं. सुनीताच्या चौदा ओळी. प्रत्येक ओळ निराळ्या पट्टीवर कापलेली. सर्व सुनीतांचीं यमकें सारखीं असल्यानें पहिल्या सुनीताची पहिली ओळ, सातव्याची दुसरी, तिसऱ्याची तिसरी, अशी कशीहि जुळवणी करावी; सुनीत तयार होतें. अशा सुनीतांची एकंदर संख्या एक कोटीला एक कोटीनें गुणल्यावर येते तेवढी. एका सुनीताला एक मिनिट धरलें, आणि वाचकानें रात्रंदिवस न थांबतां वाचन चालविलें, तरी सर्व सुनीतें संपावयास सुमारें १९ कोटी वर्षें लागतील. या पुस्तकाचा कर्ताहि तें पुस्तक पुरतें वाचूं शकला नाहीं, आणि कोणी वाचूंहि शकणार नाहीं. तथापि दहा मिनिटें पट्ट्या उलटल्यावर त्या पुस्तकाचा स्वभाव मात्र कोणासहि कळतो. ही गोष्ट अर्थ लावण्याच्या दृष्टीनें फार महत्त्वाची आहे.

पुढें यंत्रें सुधारलीं तशी वाचकाची कृति बोटापुरती राहिली नाहीं. जेफ्री शॉ या कलावंतानें १९८९ च्या सुमारास एक सायकल जागच्या जागीं उभी करून तिच्यासमोर मोठा पडदा लावला. प्रेक्षकानें सायकल चालवावी, आणि पडद्यावर शहराचे रस्ते पुढें यावे. मात्र दुतर्फा घरांच्या जागीं अक्षरेंच उभीं. ज्या गल्लींत वळावें तेथील वाक्य वाचावयास मिळावें. भराभर पायटे मारणारा वाक्यें गमावतो आणि सावकाश जाणारा तीं वाचतो, हा अनुभव पायांना येतो. १९९९ मध्यें कॅमिल अटरबॅक व रोमी अचितुव यांनीं तर अक्षरांचा पाऊसच पाडला. पडद्यावर प्रेक्षकाचें स्वतःचें प्रतिबिंब दिसतें आणि वरून अक्षरें हलकेंच खालीं येतात. तीं डोक्यावर, खांद्यावर, पसरलेल्या हातांवर थांबतात. हात काढून घेतला कीं निसटतात. पुष्कळ वेळ हात धरून राहिलें तर कधीं शब्द जुळतो, कधीं एखादी ओळ. तीं अक्षरें शरीर आणि भाषा यांच्यासंबंधींच्या एका कवितेंतील आहेत. मुलें त्यांत नुसतीं नाचतात. मोठीं माणसें हात पसरून तिष्ठत राहतात. अर्थ हवा असेल तर उभें राहून थांबावें लागतें, ही गोष्ट पुस्तक मांडीवर घेणाऱ्याला जाणवत नाहीं. येथें ती दंडांना जाणवते.

येथें संस्कृत साहित्यशास्त्राचा एक आक्षेप ऐकून घेतला पाहिजे, कारण तो हलका नाहीं. शब्दांच्या कसरतीची हौस आपल्याकडे फार जुनी. भारवीच्या ‘किरातार्जुनीया’च्या पंधराव्या सर्गांत उजवीकडून, डावीकडून, वरून, खालून सारखेच वाचतां येणारे सर्वतोभद्र बंध आहेत. नवव्या शतकांतील रुद्रटानें बुद्धिबळांतील घोड्याच्या चालीनें वाचला तरी तोच राहणारा श्लोक दिला आहे. मराठींत मोरोपंतांनीं ओष्ठ्य वर्ण टाळून निरोष्ठ रामायण रचलें. हेहि सारे एका अर्थीं वाचकाला कामाला लावणारे प्रकार होत. परंतु आनंदवर्धनानें ‘ध्वन्यालोकां’त अशा चित्रकाव्याला काव्य म्हणण्याचें नाकारलें, तें काव्याचें अनुकरण आहे असा निवाडा त्यानें दिला, आणि मम्मटानें त्याला काव्याच्या पंक्तींत अगदीं शेवटची जागा दिली. ज्यांत रस नाहीं, ध्वनि नाहीं, केवळ रचनेचें कौतुक आहे, तें डोळे दिपवील. हृदयाला स्पर्श करणार नाहीं, असा त्या आचार्यांचा आशय.

हा निकष संवादी काव्याला जसाच्या तसा लावावा, आणि त्यांत त्या काव्याचें नुकसान कांहीं नाहीं. पडद्यावरील अक्षरें हलतात एवढ्यानें तीं काव्य होत नाहींत. विचारावयाचें तें एवढेंच: वाचकाची कृति आणि कवितेचा आशय यांचा कांहीं संबंध आहे काय? ती कृति काढून घेतली, तर अर्थांत कांहीं उणें होतें काय? १९९२ मध्यें विल्यम गिब्सन या लेखकानें वडिलांच्या व गतकाळाच्या आठवणींवरील एक दीर्घ कविता फ्लॉपीवर प्रसिद्ध केली. ती पडद्यावर एकदां वर सरकत गेली कीं लगेच सांकेतिक लिपींत बदलून जाई आणि पुन्हां वाचतां येत नसे. आठवण परत मागतां येत नाहीं, हा त्या कवितेचा विषय. आणि तोच वाचकाच्या वांट्याला आला. तेथें युक्ति आशयाला मिळालेली आहे. उलट, केवळ बोट लावल्यानें रंग बदलणारी ओळ ही आनंदवर्धनाच्या न्यायासनापुढें टिकणार नाहीं, आणि टिकूंहि नये.

आतां दुसरा प्रश्न. दोन वाचकांनीं एकाच कृतीचे दोन निराळे पाठ पाहिले, तर त्यांनीं चर्चा कशाची करावी? याचें उत्तर खडी गंमतीच्या श्रोत्याला ठाऊक असतें. तो एकाच शाहिराला दोन गांवीं ऐकतो. ओळी निराळ्या पडतात, तरी त्याचा शाहीर तोच असतो. त्याची प्रश्न टाकण्याची रीत, पेंचांत सांपडल्यावर सुटण्याची हातोटी, त्याचे आवडते दाखले, हें सर्व श्रोता ओळखतो आणि त्यावरच त्याची परीक्षा करतो. संवादी काव्यांतहि एकेका ओळीपेक्षां त्या ओळी ज्या नियमानें येतात तो नियम वाचावयाचा असतो. कवीनें काय बदलूं दिलें, काय बदलूं दिलें नाहीं, वाचकाला कोठें मोकळें सोडलें आणि कोठें अडविलें, यांत कवीचें मन दिसतें.

म्हणून अशी कृति समोर आली असतां प्रथम कांहीं शोधण्याच्या भरीस न पडतां तिच्याबरोबर फिरावें. दुसऱ्या वेळीं मुद्दाम निराळें वागावें. पहिल्यांदा घाई केली असेल तर आतां थांबावें, उजवीकडे गेला असाल तर डावीकडे जावें. तिसऱ्या वेळीं जें प्रत्येक खेपेस तसेंच राहिलें त्याची नोंद करावी, कारण आशयाचा कणा बहुधा तेथेंच असतो. आणि शेवटीं तीच कृति पाहिलेल्या दुसऱ्या माणसाशीं बोलावें. एका घरांतील आजी, सून आणि नातू यांनीं ती पाहिली तर तिघांचे तीन पाठ होतील; ते शेजारीं ठेवल्यावर एकट्याला न दिसलेलें पुष्कळ दिसेल.

याचा अर्थ वाचक हा कवि झाला असा मात्र नव्हे. तसें म्हणण्याची अलीकडे पद्धत पडली आहे. पण ती वाचकाची खुशामत आहे. उखाण्याची रिकामी जागा ठेवणारी बुद्धि एक आणि ती भरणारी दुसरी. वाचकाचें काम निराळें आहे, आणि कवीच्या कामापेक्षां तें हलकें नाहीं. त्याविषयीं सर्वांत मार्मिक विचार ज्या कवीनें केला, त्याचें नातेंहि याच प्रदेशाशीं जोडलें जातें. आठव्या शतकांतील भवभूतीनें आपलें कुळ विदर्भांतील पद्मपुरचें सांगितलें आहे. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं हें पद्मपुर म्हणजे आमगांवाजवळील पद्मपूर होय, असें मत मांडलें. हें गांव तेव्हां भंडारा जिल्ह्यांत होतें. १९९९ मध्यें जिल्ह्याचे दोन भाग झाल्यावर तें गोंदिया जिल्ह्यांत गेलें. समकालीनांनीं अवहेलना केलेल्या या कवीनें ‘मालतीमाधवा’च्या आरंभीं असा भरवसा प्रकट केला आहे कीं, आपला समानधर्मा केव्हां तरी, कोठें तरी जन्मास येईल. कविता वाचकाची वाट पाहते, हा विचार त्यानें इतक्या स्पष्टपणें सांगितला. संवादी काव्यानें त्या प्रतीक्षेला केवळ दृश्य रूप दिलें आहे: समानधर्मा आल्यावांचून पडदा हलत नाहीं.

परंतु वाट पाहण्यास कवितेला टिकून राहावें लागतें, आणि येथेंच खरी अडचण आहे. भवभूतीचीं नाटकें हस्तलिखितांवरून हस्तलिखितांत उतरत बारा शतकें टिकलीं. डिजिटल कवितेला तेवढा धीर नाहीं. ज्या ‘फ्लॅश’ नामक साधनांत या क्षेत्रांतील असंख्य रचना झाल्या होत्या, तें साधन त्याच्या कंपनीनें ३१ डिसेंबर २०२० रोजीं बंद केलें. त्या रचना नेहमींच्या संगणकांवर उघडेनाशा झाल्या. अभ्यासकांनीं त्यांपैकीं कांहीं अन्य उपायांनीं जिवंत ठेवल्या आहेत. बाकीच्यांचें नांव तेवढें राहिलें. अवघ्या वीस-पंचवीस वर्षांचें तें वाङ्मय!

मंडईंतील शाहिरांचीहि गत फारशी निराळी नाहीं. पहांट झाली, ढोलकी थांबली, कीं ती रात्रभराची कविता गेली. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनीं झाडीपट्टीची लोकरंगभूमि आणि झाडीबोली यांवर परिश्रमपूर्वक लेखन केलें, म्हणून तिचा कांहीं अंश ग्रंथांत आला. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनीं महाराष्ट्रांतील जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या, आणि त्यांतील अनेक आज ‘पारी’ या संकेतस्थळावर गाणाऱ्या बायांच्याच आवाजांत ऐकतां येतात. यंत्र लोककवितेचें वैरीच असतें असें नाहीं, याची ही साक्ष आहे.

मराठींत अशी नवी कविता करूं पाहणाऱ्यापुढें आणखी एक विचार आहे. रोमन लिपींतील अक्षरें सुटीं असतात. त्यांचा पाऊस पाडतां येतो. देवनागरींत वेलांटी, मात्रा, रफार हे अक्षराला बिलगून असतात. ते सुटे करून उधळले तर डोळ्यांना केवळ तुकडे दिसतील. गंमत अशी कीं, ऱ्हस्व वेलांटी कागदावर व्यंजनाच्या डावीकडे काढतात, आणि यंत्राच्या पोटांत मात्र ती व्यंजनानंतर सांठविलेली असते. म्हणजे मराठी कविता हलवावयाची तर वर्ण सोडून पूर्ण अक्षर हेंच परिमाण धरावें लागेल. आणि तें योग्यच आहे, कारण ओवी काय किंवा अनुष्टुभ् काय, येथील कान अक्षरेंच मोजीत आला आहे. त्यांतहि झाडीबोलींत ‘पाणी’चें ‘पानी’ आणि ‘डोळा’चा ‘डोरा’ होतो. शुद्धलेखन सुधारण्याची सवय लावलेलें यंत्र असा शब्द चूक म्हणून बदलावयास धांवेल. त्या वेळीं यंत्राचें ऐकावयाचें कीं आईच्या बोलीचें, हें लिहिणाऱ्यानें आधींच ठरविलेलें बरें.

हें सर्व परदेशांतील मोठ्या कलागृहांतून घडेपर्यंत थांबण्याचें कारण नाहीं. भाऊबिजेनंतर एखाद्या गांवीं सामना रंगेल, तेव्हां शाहिरांची संमति घेऊन प्रश्न आणि उत्तरें दोन्ही ध्वनिमुद्रित करावीं. कोणत्या प्रश्नाला कोणतें उत्तर आलें, लोक कोठें हंसले, कोठें गप्प झाले, याची नोंद ठेवावी, आणि शाहिराचें व गांवाचें नांव तिच्याबरोबर असूं द्यावें. पुढें कोणी तरुण कवि तेवढ्या सामग्रीवर अशी रचना उभी करील कीं, ज्यांत वाचकाला शाहिराचा प्रश्न ऐकूं यावा आणि उत्तर देण्याची जबाबदारी त्याच्यावर पडावी. तें उत्तर चुकलें तर यंत्रानें हार जाहीर करूं नये. त्यानें उलट प्रश्न घालावा, म्हणजे सामना पुढें चालेल.